सायप्रसचा रस्ता

शामरावांच्या फटफटीला पुढचं मडगार्ड नव्हतं. विकत घेतली तेव्हा होतं; यांनी घरी आणल्याबरोबर ते काढलं आणि कोंबड्यांना पाणी प्यायला अंगणात उलटं मांडून ठेवलं. त्यामुळे पावसाळ्यात पवनारहून वर्ध्याच्या बाजाराला निघालेला हा माणूस आमच्या नालवाडीत पोचेपर्यंत हनुवटीपासून कपाळापर्यंत चिखलानं माखलेला असायचा. मागे दोन बाजूंना दोन टोपल्या, एकीत वांगी, दुसरीत सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, आणि मध्ये हे, धोतर मांड्यांशी खोचलेलं, डोळ्यांवर लष्करातला जुना गॉगल. गल्लीतल्या बायका पदराआड हसायच्या. "आला व माय सायप्रसवाला!"

मी मूळची आर्वीची, लग्न होऊन नालवाडीत आले आणि तिथल्याच प्राथमिक शाळेत शिकवायला लागले. माझा स्वभाव पहिल्यापासून खवट. मनात आलं की विचारल्याशिवाय राहवत नाही. पहिल्याच पावसाळ्यात मी त्यांना अडवलं. "मडगार्ड काऊन काढलं हो भाऊ? तोंड पाहा आरशात."

"बाई, काळ्या मातीत मडगार्डात चिखल भरते अन् चाक बसते. डोंगरात दगड अटकते."

"पण तुम्ही तर डांबरी सडकेनं येता."

"आता येतो," ते म्हणाले. "जाचं हाये थे तसं नाई."

कुठं जायचंय ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, मलाच नवं होतं. शामराव मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, लष्करात होते. फटफटीवरून निरोप पोचवायचं काम. त्या वेळी त्यांची तुकडी काही महिने सायप्रस बेटावर होती. आता पन्नाशी ओलांडल्यावर या गृहस्थाला पुन्हा तिथं जायचं होतं, फटफटी घेऊन, डोंगरातल्या बकऱ्यांच्या वाटांनी, पाच-सहा दिवस. पवनारच्या भाजीवाल्यानं सायप्रसला जायचं! मला आधी वाटलं, डोक्यात फरक पडलाय. त्यांची बायको जनाबाई तर उघड म्हणायची, "सायप्रसले जातो म्हनते, अन् सेलूच्या बाजाराले गेला त काटा घरी इसरते."

आमच्या भिंतीला भिंत लागून किसनाच्या मायचं घर होतं. म्हातारीचं खरं नाव सरस्वती, पण त्या नावानं तिला कोणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. पुतण्याचा संसार मागच्या खोलीत, ही पुढच्या ओट्यावर. बाजाराच्या दिवशी शामराव परतताना तिच्या ओट्याशी गाडी लावायचे, उरलीसुरली वांगी तिच्या पदरात टाकायचे आणि मांडी घालून बसायचे. मग म्हातारी म्हणायची, "सांग आता."

आणि ते रस्ता सांगायचे. मुंबईहून जहाजात गाडी टाकायची. फामागुस्ता म्हणून बंदर आहे, तिथं उतरायचं. पहिला दिवस गाडी जुळवण्यात आणि पेट्रोल भरण्यात. दुसऱ्या दिवशी सपाट मैदान, सगळा गहू, पण आपल्यासारखी काळी माती नाही, पिवळट. सडक सोडून बांधाबांधानं जायचं, रात्री एखाद्या खळ्यावर मुक्काम. तिसऱ्या दिवशी डोंगर. तिथं रस्ता असा नाहीच, पांढऱ्या दगडाची वाट, हवा जरा कमी करून चाकं मऊ करावी लागतात.

"खाशीन काय?" म्हातारी विचारायची.

"ज्वारीचे पापड नेतो, ठेचा नेतो. तिथं एक फळ असते, बोराएवढं, हिरवंगार. झाडावरून तोडून खाल्लं त थू थू करत बस. थेच मिठाच्या पान्यात टाकून भाकरीसंग खातेत थे लोक."

"अन् तीन दिवस काऊन लागते? फटफटी हाये ना तुयाजवळ?"

"माय, सडक नाई थे. बकऱ्याची वाट हाये. घाई केली त गाडी गेली."

"येताना आनखी दोन दिवस धर," ती म्हणायची. "येताना दोघं असान. किसना जड हाये. हळू येजो."

किसना तिचा मुलगा. शामरावांच्याच वयाचा, दोघं संगतीनं भरती झालेले. तो लढाईनंतर परत आला नाही. बाकी गावाला तो मेल्याचं ठाऊक होतं, सरकारचा तसा कागदही मागाहून आला होता. पण म्हातारीच्या लेखी तो तिकडेच राहून गेला होता. रस्ता सापडत नसेल, कुठं अडकला असेल, कोणीतरी जाऊन घेऊन यायला हवा. शामरावांनी फटफटी घेतली त्या दिवशी तिनं हँडलला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "आता गाडी झाली तुयाजवळ. जाय, घेऊन ये त्याले."

भाऊबंदांनी एकदा पळसाच्या पानांचा पुतळा करायचा घाट घातला होता. माणूस परमुलखात मेला, देह हाती लागला नाही, की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, त्याशिवाय जिवाला गती नाही. भटजी आला, पानं आली. म्हातारी केरसुणी घेऊन बाहेर आली आणि जी काय बरसली! "जित्या मानसाले जाळता का रे मेल्याहो? श्याम्यानं पाह्यलं त्याले, श्याम्यानं सांगतलं मले. तुमच्या कागदापेक्षा श्याम्याचं तोंड खरं हाये." भटजी पळसाची पानं तिथंच टाकून गेला. ती पानं मग पुतण्याच्या बायकोनं जेवणावळीला वापरली, हे मला तिनंच सांगितलं.

श्याम्यानं काय सांगितलं होतं, ते मला आमच्या ह्यांच्याकडून कळलं. त्याचं असं झालं, की शामरावांना मोहिमेची तालीम करायची होती. सामानाऐवजी टोपल्यांत ढेपेची पोती, मागे एक माणूस, आणि बोरच्या डोंगरांत दोन दिवस. मागे बसायला कोणी तयार होईना. आमचे हे कचेरीत कारकून, जन्मात कधी शेताच्या बांधावर चढले नसतील, पण पासपोर्टचे अर्ज ह्यांनीच भरून दिले होते. म्हणून हौसेनं गेले. जाताना इस्त्रीची पँट होती. परत आले तेव्हा मी दार उघडून "कोण पाहिजे?" असं विचारलं. शेतातल्या पांदणीत गाडी रुतली होती, दोघांनी मिळून ओढून काढली होती, आणि मागचं मडगार्ड न काढल्याबद्दल शामरावांनी दिवसभर स्वतःलाच शिव्या घातल्या होत्या. मी हसून हसून बेजार झाले. हे हसले नाहीत. हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले.

डोंगरात एक वळण लागलं, म्हणाले. पांढरट मुरूम, डाव्या हाताला उतार. तिथं शामराव गाडीवरून उतरले आणि हातानं ढकलत वळणापलीकडे घेऊन गेले. ह्यांना वाटलं गाडी बिघडली. "नाई," शामराव म्हणाले, "असं वळन आलं का मी पायीच जातो." मग दगडावर बसून त्यांनी सगळं सांगितलं.

तिकडे दोघं एकदा निरोप घेऊन आपापल्या फटफटीवर डोंगरातून चालले होते. शामराव पुढे, किसना मागे. पुढच्यानं धूळ उडवली तर मागच्यानं ती बसेपर्यंत थांबायचं, असा त्यांच्यात नियम. त्या दिवशी घाईचा निरोप होता. शामराव ठाण्यावर पोचले, साहेबानं विचारलं दुसरा कुठाय, त्यांनी सांगितलं, मागून येऊन राह्यला. बराच वेळ वाट पाहून उलटे गेले, तर वळणाखाली गाडी पडलेली, आणि किसना. "माह्याच धुळीत गेला थो," शामराव म्हणाले. तुकडीतल्या लोकांनी तिथंच लाकडं गोळा करून त्याला अग्नी दिला.

लढाई संपली, शामराव घरी आले. मायला सांगायचं म्हणून आधी नालवाडीला आले, आणि नेमका पोळा होता. दारात बैल उभे, झुली घातलेले, शिंगं रंगवलेली. माय बैलाच्या पायावर पाणी घालत होती. तिनं मान वर केली, खाकी कपडे पाहिले, आणि पहिला शब्द, "किसना कुठी हाये?" आता पोळ्याच्या दिवशी, बैल पूजताना, कोणी दारात मरणाची गोष्ट बोलतं का? आमच्याकडे त्या दिवशी शेजारी मयत झाली तरी बैलाच्या कानावर जाऊ देत नाहीत. शामराव म्हणाले, "मागून येऊन राह्यला, माय."

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. उद्या तान्हा पोळा. लेकरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती, आणि किसनाची माय पोरगा येणार म्हणून प्रत्येकाच्या हातावर मूठमूठ गूळ-खोबरं ठेवत होती. शामराव गल्लीच्या तोंडाशी आले, ते पाहिलं, आणि मागं फिरले. परवाही तसंच झालं. मग जे राहून गेलं ते राहूनच गेलं.

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो राग. पुढच्या बाजारी मी शामरावांना गाठलं. म्हटलं, "भाऊ, म्हातारीच्या जिवाशी खेळ चाललाय हा. आणता कुठून किसना?"

"किसना नाई आनत, बाई. माती आनतो." ते गाडीच्या टाकीवरून हात फिरवत राहिले. "त्या वळनावरची मूठभर माती आनतो अन् मायच्या हातावर ठेवतो. मले तोंडानं नाई सांगता येत. लय वेळा ओट्यावर बसलो सांगाले. जीभ उचलत नाई. माती हातात पडली का तिले समजन."

मग माझ्या लक्षात आलं, की मोहिमेचं हे खूळ खूळ नव्हतं. पासपोर्ट आला होता. मुंबईला जहाजाची चौकशी झाली होती. गहू निघाला की जायचं, असं पक्कं झालं होतं. त्या वर्षी शामराव फार आनंदात होते. ओट्यावर टायरमधली हवा कमी कशी करायची ते मायला करून दाखवायचे, आणि ती बोटानं टायर दाबून म्हणायची, "आनखी मऊ कर."

त्याच साली पोळ्याच्या सुमारास सायप्रसमध्ये लढाई पेटली. रेडिओवर बातम्या येत होत्या. शामराव बाजाराचा दिवस नसताना आमच्याकडे आले आणि म्हणाले, "तुमच्या पेपरात नकाशा आला म्हनते." ह्यांनी पेपर काढून पुढं पसरला. बेटाच्या मधोमध एक जाड रेघ होती. या बाजूचा माणूस त्या बाजूला जाऊ शकत नाही, असं खाली लिहिलं होतं. शामरावांनी बंदरावर बोट ठेवलं, ते पलीकडे. डोंगरावर ठेवलं, तोही पलीकडे. आपल्या लोकांना जाता येण्यासारखा भाग सगळा अलीकडे.

"भाऊभाऊ भांडले अन् मंधात धुरा-बांध घातला," ते म्हणाले. "आता आपल्या वावरात जाले वाट नाई." चहा केला होता, तो तसाच राहिला.

त्या दिवशी ओट्यावर म्हातारी म्हणाली, "गहू निंगाले आता किती दिवस राह्यले रे?" शामराव म्हणाले, "माय, पूल वाहून गेला तिकडचा. बांधून राह्यले."

मला राहवलं नाही. ते निघाले तसं मी फाटकाशी जाऊन चिडून म्हटलं, "आता पूलही का? धाम नदीची मूठभर माती घ्या आणि द्या तिच्या हातावर. तिला काय कळतंय!"

शामराव रागावले नव्हते. "एकदा खोटं बोललो, बाई," म्हणाले. "आता माती बी खोटी देऊ का?"

आजवर मला असं गप्प करणारा दुसरा माणूस भेटला नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं पूल बांधणं चाललं होतं. दर बाजारी म्हातारी विचारायची, झाला का पूल, आणि शामराव म्हणायचे, खांब उभे झाले, माय, अजून पाट्या टाकाच्या हायेत. रस्ता सांगणं मात्र थांबलं नाही. बंदर, गव्हाचं मैदान, खळ्यावरचा मुक्काम. तिसऱ्या दिवसावर आले की मात्र शामराव भराभर बोलायचे. "तिसऱ्या दिवशी डोंगर, अन् पोचलो." आधीही तसंच बोलत असणार, माझ्या ध्यानात उशिरा आलं. गॉगलची काच फुटली, तिथं त्यांनी चिकटपट्टी लावली. केस पांढरे झाले. गाडी पुष्कळदा ढकलूनच सुरू करावी लागे, आणि गल्लीतली हसणारी तोंडं आता आपणहून धक्का मारायला येऊ लागली.

ऐंशी सालच्या पुढचा एक उन्हाळा. म्हातारीनं अंथरूण धरलं. अन्न सुटलं, फक्त पाणी. शाळेला सुट्ट्या होत्या, म्हणून दुपारी मी तिच्याजवळ बसायची, चमच्यानं पाणी घालायची. बाजाराचा दिवस होता. शामराव आले, टोपल्या बाहेरच ठेवल्या आणि खाटेजवळ जमिनीवर बसले.

"श्याम्या, पूल झाला का?"

मला वाटलं, नेहमीसारखं पाट्यांचं काही सांगतील. शामराव म्हणाले, "झाला, माय."

"मंग सांग."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. बंदर झालं, मैदान झालं. खळ्यावर निजले. तिसऱ्या दिवशी पोचून मोकळे होतील म्हणून मी चमचा भरला, तर ते बोलेचनात. खाटेचा पाय धरून बसले होते. मग अगदी हळू बोलू लागले.

"तिसऱ्या दिवशी डोंगर चढतो. पांढरा दगड हाये, धूळ लय उडते. एक वळन हाये, डाव्या हाताले दरी. तिथं गाडी थांबवतो, माय. खाली उतरतो."

"काऊन?"

"किसना तिथंच हाये."

म्हातारीनं डोळे उघडले. तिच्या डोळ्यांत काही दिसत नव्हतं तेव्हा, पण तिनं मान त्यांच्याकडे वळवली. "उभा हाये का निजला हाये?"

मी चमचा तसाच धरून बसले. मनात म्हणत होते, देवा, याला आता बोलू दे.

"निजला हाये, माय."

मागच्या खोलीत कोणीतरी भांडी घासत होतं, तेवढाच आवाज. मग तिनं विचारलं, "उन्हात?"

"नाई. झाड हाये."

"मंग उठवू नोको त्याले," म्हातारी म्हणाली आणि पाणी मागितलं. मी तिला पाणी पाजलं. बाहेर आले आणि ओट्याच्या खांबाला धरून ढसढसा रडले. आपला कोण लागत होता किसना? कोणी नाही. तरी रडले.

दोन दिवसांनी ती गेली. अग्नी पुतण्यानं दिला. तेराव्याच्या आत भाऊबंदांनी पळसाची पानं आणली, आता केरसुणी घेऊन येणारं कोणी नव्हतं. पवनारला धामच्या काठी किसनाचा पुतळा करायचं ठरलं. आमच्यात बायका अशा कामाला जात नाहीत, पण मी गेले, काठावर दूर उभी राहिले. भटजी पानं दर्भानं बांधत होता, डोक्याच्या जागी नारळ ठेवला होता. शामराव उघड्या अंगानं बसून पानं हातात देत होते. पुतळा बांधून झाला तसा भटजी उठला. शामराव म्हणाले, "आनखी पानं लावा पायाकडं."

"शामराव, पानं ठरलेली असतात. झाला पुतळा."

"लहान झाला," ते म्हणाले. "थो उंच होता, महाराज. माह्यापेक्षा उंच होता." आणि भटजी काय म्हणतो याची वाट न पाहता ते स्वतःच पायाच्या बाजूनं पानं लावत गेले, लावत गेले, मग बाजूला आडवे होऊन मापून पाहिलं, आणखी थोडी लावली. पेटवायची वेळ आली तेव्हा पुतण्यानं चूड त्यांच्या हातात दिली.

पुढच्या बाजाराला गल्लीत फटफटीचा आवाज आला. मी दारात गेले. शामराव म्हातारीच्या ओट्याशी गाडी लावून तिच्यावरच बसले होते. गाडी चालू होती. ओट्यावर पुतण्याच्या बायकोनं मिरच्या वाळत घातल्या होत्या. शामरावांना मी पाहिलेलं ते शेवटचं. त्या पावसाळ्यानंतर ते शेतातच गेले, छातीत कळ येऊन, असं आम्हाला निरोपानं कळलं.

"भाऊ, उतरा, चहा ठेवते," मी म्हटलं.

ते उतरले नाहीत. मिरच्यांकडे पाहत म्हणाले, "सवयीनं वळली गाडी. आता रस्ता कोनाले सांगू, बाई?"

इतक्या वर्षांत त्यांच्याशी एक शब्द गोड बोलले नव्हते मी. म्हटलं, "मला सांगा. मी ऐकते. बसा इथं आणि सांगा पहिल्यापासून."

त्यांनी गॉगल कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. किती मायेनं पाहिलं, ते मला अजून आठवतं.

"तुमचं कोनी नाई ना, बाई, तिथं," ते म्हणाले. मग गॉगल खाली ओढला, टोपलीतली चार वांगी काढून आमच्या फाटकाच्या खांबावर ठेवली आणि गाडी वळवली.